निरोपाचा नारळ

डोणगावात जळू शकेल अशी एकही वस्तू नव्हती, जिच्यावर माझ्या आतोबांनी आत्याला एकदा तरी स्वयंपाक करायला लावला नव्हता. बाभळीचं लाकूड झालं, निंबाचं झालं, कापूस वेचून झाल्यावर उभी राहते ती पऱ्हाटी झाली, तुराट्या झाल्या, गोवऱ्या झाल्या, आरागिरणीतला भुसा, भुईमुगाची टरफलं, दगडी कोळसा, वातीचा स्टोव्ह, पंपाचा स्टोव्ह, आणि एका उन्हाळ्यात कुणाच्या तरी मोडलेल्या बैलगाडीची चाकं. चाकांवर शिजलेली तुरीची डाळ मी स्वतः खाल्ली आहे. तिला वंगणाचा मंद वास होता. आतोबा म्हणाले की असा वास पैसे देऊनही मिळत नाही, आणि तेवढं मात्र खरं होतं.

मी त्यांच्या घरी राहायला गेले ती शिक्षिका म्हणून. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती, गावोगाव हायस्कुलं निघत होती आणि त्यांना इंग्रजी शिकवणारी माणसं मिळत नव्हती. मी नागपूरला इंग्रजी शाळेत वाढलेली, आणि आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण, म्हणून डोणगावच्या हायस्कुलात नोकरी आणि आत्याच्या घरी जेवण अशी माझी व्यवस्था झाली. मी मुळातच कमी बोलणारी. त्यात मनातलं वाक्य मराठीत नीट बसवून होईपर्यंत समोरच्यांच्या गप्पांचा विषय बदललेला असे, त्यामुळे मी ते वाक्य परत आत ठेवून देई. आतोबांनी याचा अर्थ वेगळाच लावला. "पोरगी हिशेबी आहे," ते आत्याला म्हणाले, "शब्दसुद्धा वाया घालवत नाई." त्या दिवसापासून मी त्यांची विश्वासातली माणूस झाले, आणि सरपणाच्या बाजारातल्या साऱ्या गुप्त हालचाली मला जेवताना कळू लागल्या.

आतोबा उंच, शिडशिडीत, गुडघ्याच्या जरा खाली धोतर, काळी टोपी आणि बारा महिने छत्री. पूर्वी त्यांचं अडतीचं दुकान होतं. शेतकऱ्याचा माल आणि व्यापाऱ्याचा पैसा यांची गाठ घालून देणे हा त्यांचा धंदा. दुकान धाकट्या भावाकडे गेलं, मुली लग्न होऊन गेल्या, पण भाव विचारण्याची सवय अंगातच राहिली, आणि तिला आता घरातली चूल तेवढी उरली होती. बाजाराच्या दिवशी ते सकाळीच निघत आणि जळण विकणाऱ्या प्रत्येकाला भाव विचारून येत. घेत काही नसत. "भाव विचाराले पैसे लागत नाई," हे त्यांचं पहिलं तत्त्व होतं. दुसरं तत्त्व असं की, "एका दुकानाशी बांधलेलं गिऱ्हाईक आन् खुट्याले बांधलेला बैल, दोघायले वैरण मालकाच्या मर्जीनं." त्यामुळे एखाद्याचं जळण घरात सुखाने जळू लागलं, की आतोबा अस्वस्थ होत. आपण बांधले तर जात नाही ना, असं त्यांना वाटू लागे, आणि पुढच्या बाजारी घरात काहीतरी नवीन पेटे.

नवीन जळणाला परीक्षा द्यावी लागे. आत्याने एक भाकरी जुन्या जळणावर करायची आणि एक नव्यावर. आतोबा डोळे मिटून दोन्ही खात आणि कोणती अधिक गोड ते सांगत. इतक्या परीक्षा मी पाहिल्या, पण महाग जळणावरची भाकरी गोड लागल्याचा निकाल काही माझ्या ऐकण्यात नाही. आत्या म्हणे, "स्वस्ताची भाकर त्यायच्या दातालेही समजते. महागाच्या लाकडावर अमृत शिजवलं तरी थू करतीन." पण म्हणायची ती हसून. चूल बदलली की तिचे हात बदलत. पऱ्हाटी भडकन पेटते आणि भडकन विझते, तर भाकरी तिथे घाईने उलटायची. गोवरी मुकाट्याने जळते, तिथे वाट पाहायची. हे सगळं ती एका रात्रीत शिके आणि शिकून होते न होते तोच आतोबा नवीन काहीतरी घेऊन येत. एकदा भुशाची शेगडी आली. तिच्यात मधोमध बाटली उभी ठेवून सभोवती भुसा ठासायचा, मग बाटली हळूच उपसून घ्यायची आणि त्या भोकातून जाळ करायचा. बाटली अडकली. आतोबांना घाई होती, कारण ओट्यावर दोघेजण नवीन जळणाचा निकाल ऐकायला बसले होते. त्यांनी बाटलीसकटच पेटवली. वरण आढ्याला लागलं ते पुढच्या दिवाळीच्या रंगापर्यंत तिथेच होतं. दोष भुशाचा नव्हता, बाटलीचा होता. पण बाटली फुकट मिळालेली असल्यामुळे तिला दोष देणं त्यांना जमेना, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी आरागिरणी सोडली.

आतोबांचं सोडणं मात्र बघण्यासारखं असे. इतर माणसं दुकान सोडतात ती गुपचूप. दुसऱ्या दुकानातून माल आणतात आणि पहिल्या दुकानदाराला पाहिलं की गल्ली बदलतात. आतोबांना हे अडाणीपणाचं वाटे. "तोंड चुकवणं महाग पडते," ते मला म्हणाले होते. "लांबच्या गल्लीनं जा लागते. चपला झिजतात." म्हणून ज्याला सोडायचं त्याच्याकडे ते धुतलेलं धोतर नेसून, नारळ घेऊन, भर उजेडात जात. नारळ पुढे करून त्यांचं वाक्य ठरलेलं: "तुमचं आमचं आजवर चांगलं जमलं. मनात काई ठेवू नका." समोरच्याने नारळ फोडायचा आणि दोघांनी एकेक तुकडा खायचा. नारळ फुटला की व्यवहार संपला. तुकडा खाल्ला की वैर राहिलं नाही. ही रीत त्यांनी स्वतःच काढली होती आणि हळूहळू गावाने ती मान्य केली होती. नारळाची किंमत आणि चपलांची झीज यांचा मेळ त्यांनी कसा घातला होता ते मी विचारलं नाही.

लाकडाच्या टालवाल्या जब्बारभाईंना त्यांनी माझ्यादेखत सोडलं. शाळेतून येताना मी रस्त्यात भेटले, तर मला साक्षीदार म्हणून घेऊन गेले. जब्बारभाई लाकडं तोलायच्या मोठ्या काट्याशी बसले होते. नारळ पाहून त्यांनी तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं.

"आओ भाऊसाब. इस बार कौन?"

"पऱ्हाटी. भावाच्या वावरातली."

"अच्छी है. कितने दिन?"

"पाहू."

"बारिश के पहले आ जाना. भिगी पराटी बहोत धुआं देती, भाभी को तकलीफ होगी." मग त्यांनी मापाच्या दगडावर नारळ फोडला, आम्हाला एकेक तुकडा दिला, वर चहा मागवला, आणि निघताना आतोबांच्या छत्रीची मोडलेली काडी तारेने बांधून दिली. आपल्याला सोडणाऱ्या गिऱ्हाइकाचा इतका सत्कार मी पुढे कुठे पाहिला नाही. पावसाळ्याच्या तोंडावर आतोबा परत गेले, तेव्हा जब्बारभाईंनी काहीही न विचारता पहिलं लाकूड काट्यावर टाकलं.

गोवऱ्या विकणारी मैनाबाई मात्र ऐकून घेणारी नव्हती. तिला त्यांनी किती वेळा सोडलं होतं ते तिलाच माहीत. ती डोक्यावरची पाटी न उतरवता म्हणे, "आला का म्हातारा नारळ घेऊन? कोण भेटली आता दुसरी?"

"कोळसा आहे, मैनाबाई."

"काळी पाह्यली वाट्टे यंदा. सोडचिठ्ठी द्याची त रडत तरी देत जा. हसून काऊन देता बे?"

एवढ्या मोठ्या माणसाला बे म्हणणारी गावात ती एकटीच. आतोबांना ते आवडत असावं, कारण कोळसा सोडून ते दर वेळी तिच्याकडेच परत येत.

घरातल्या दिव्यांच्या राकेलचंही असंच होतं. गावात राकेल विकणारी दुकानं तीन, आणि तिघांचाही आतोबांना सारखाच संशय. म्हणून अधूनमधून ओट्यावर चाचणी होई. तीन सारखे कंदील, त्यांत तीन दुकानांचं सारखं मोजलेलं राकेल, दिवेलागणीला एकदम पेटवायचे आणि कोणता आधी विझतो ते पाहायचं. आळीतली माणसं सुपारी कातरत येऊन बसत. मी राहायला गेले त्या हिवाळ्यातली चाचणी माझ्या चांगली लक्षात आहे. त्या दिवशी मधला कंदील भलताच लवकर विझला. लोकांत हशा झाला, ज्याचं ते राकेल त्या दुकानदाराच्या नावाने दोनचार शेरे झाले, आणि कुणीतरी म्हणालं, "वहिनीले विचारा, कोणाचा उजेड चांगला ते. सैपाक तिले करा लागते."

आत्या दारात बसली होती. तिने ओट्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मधला."

मग जो हशा झाला तो पलीकडच्या गल्लीत ऐकू गेला असेल. सगळ्यांत जास्त आतोबा हसले. "आमच्या घरात थट्टेचा मक्ता हिच्याकडं आहे," ते अभिमानाने म्हणाले. मी आत्याशेजारी बसले होते. ती हसत नव्हती. थोड्या वेळाने उठताना तिने उंबरठा आधी हाताने चाचपला आणि मग पाय टाकला.

आत गेल्यावर मी तिच्याकडे नुसतं पाहिलं. तिला ते दिसलं नसावं, पण ती म्हणाली, "बोलू नको कोनाले. तिघायचा मिळून उजेडाचा एकच गोया दिसते मले. मांगच्या खेपेले मधला जिंकला होता, म्हणून म्हटलं."

मी तिला मेहकरला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पण अजून पिकला नाही. पिकू द्या, मग ऑपरेशन. तोवर धूर टाळा आणि चांगल्या उजेडात काम करा. आतोबांना मी हे सांगितलं; त्या घरात न विचारता मी बोललेलं हे पहिलंच वाक्य, आणि ते लांब होतं. आतोबांनी नीट ऐकून घेतलं. "पिकाले किती वेळ लागते म्हणते?" त्यांनी विचारलं. एवढंच. शेतीमालाचा माणूस, पिकण्याची वाट पाहणं त्यांना गैर वाटलं नाही. कंदील ओळखण्याच्या गोष्टीविषयी मी बोलले नाही, कारण आत्याने नको म्हटलं होतं.

आत्याचं स्वयंपाकघर गोठ्याच्या बाजूला होतं. एक खिडकी, तीही गोठ्यात उघडणारी. भर दुपारी तिथे चिमणी लावावी लागे. आणि त्याच वर्षी गावात विजेचे खांब आले. आमच्या आळीतून तार गेली, एकेका घरात बल्ब लागू लागले, आणि ज्यांच्याकडे लागला त्यांची मुलं अंधार पडायच्या आधीच तो लावून त्याच्याखाली उगाच बसू लागली. आत्याने आयुष्यात आतोबांकडे काही मागितल्याचं मी ऐकलं नव्हतं. तिने जेवायला वाढताना सांगितलं, "अजी, चुलीवर एक बल्ब घेऊ. एकच."

"भाव विचारून येतो," आतोबा म्हणाले.

ते मेहकरच्या विजेच्या कचेरीत जाऊन आले आणि ओट्यावर बसले. म्हणाले, "भाव विचारला त म्हणते ठरलेला आहे. म्हटलं, दुसरा कोण देते? त म्हणते, दुसरा कोणी देतच नाई." एवढं बोलून त्यांनी तारेकडे पाहिलं. पूर आलेल्या नदीकडे माणसं पाहतात तसं.

पुढे एकदा खांबावर चढायचा पट्टा खांद्यावर टाकलेला वायरमन आळीत आला, तेव्हा आतोबांनी त्याला ओट्यावर बोलावून चहा दिला.

"समजा, मी वीज घेतली. आन् उद्या मले सोडाची असली?"

"अर्ज द्या. मीटर काढून नेऊ."

"ते झालं. पण नारळ कोनाले द्याचा?"

"कायचा नारळ?"

आतोबांनी त्याला रीत समजावून सांगितली. वायरमन दुसऱ्या गावचा होता; त्याने चहाची बशी खाली ठेवली.

"मालक कोण तुमचा?" आतोबा म्हणाले.

"सरकार."

"कुठं बसते?"

"मुंबईले."

"एका नारळापायी मुंबईले जाऊ काय?"

"मंग नका देऊ ना नारळ."

"न सांगता सोडू? चोर हाओ का मी?"

वायरमनने थोडा विचार केला. "मले द्या. मी खाईन."

"तुम्ही मालक नाई," आतोबा दुःखाने म्हणाले, आणि तो गेल्यावर त्यांनी निकाल दिला: "ज्याले सोडता येत नाई, त्याले धरू नये."

आतून आत्याचा आवाज आला, "आन् मले कोणत्या हिशेबानं धरलं?"

आतोबांनी छत्री उघडली आणि ते बाहेर निघून गेले. ऊन नव्हतं, पाऊसही नव्हता.

उजेडाचं त्यांनी मनावर घेतलं नाही असं कुणी म्हणू नये. त्यांनी एक मोठा कंदील आणून चुलीवर टांगला. त्याची काजळी भाकरीवर पडे. मग छपराचं एक कौल काढून तिथे काचेचं बसवलं. त्यातून दुपारी थोडा वेळ छान, स्वच्छ उजेड पडे, आणि तो नेमका उखळावर पडे. आत्याने चूल उखळापाशी सरकवावी असं त्यांनी सुचवलं. पण आत्याने एव्हाना सगळं हातांच्या सवयीवर घेतलं होतं. मिठाचा डबा, तिखटाचा डबा, चिमटा, पळी, प्रत्येकाची जागा ठरलेली, आणि मी चुकून पळी दुसरीकडे ठेवली की तिचा हात रिकाम्या जागेवर दोनदा आपटे. ओट्यावर बसलेल्या माणसाला यातलं काही दिसणं शक्य नव्हतं. त्याला भाकरी दिसे, आणि भाकरी पूर्वीसारखीच गोल होती.

एका संध्याकाळी भाकरी उलटताना तिचा हात तव्याच्या कडेवर पडला. मी ताट मांडत होते. तिने हात पिठाच्या पाण्यात बुडवला, जरा थांबली, आणि दुसऱ्या हाताने ती भाकरी पूर्ण केली. बाहेर आतोबा जेवता जेवता म्हणाले, "पऱ्हाटीवर भाकर कशी फुलते पाह्य. गोवरीले हे साधत नाई." आत मी तिच्या हाताला फडकं बांधत होते.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी आत्या आंघोळ करून लग्नाकार्यात नेसायचं लुगडं नेसून बाहेर आली. हाताला फडकं बांधलेलं, खांद्याला पिशवी. आतोबा ओट्यावरच्या लाकडी खांबाशेजारी बसून दाढी करत होते. ती ओट्यावर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तुमचं आमचं आजवर चांगलं जमलं. मनात काई ठेवू नका."

आतोबांच्या अर्ध्या गालाला साबण होता. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, थट्टा आहे का ते विचारायला. मग तिच्या पिशवीकडे.

"कुठं चालली?"

"भावाकडं. नागपूरले. तिकडं चुलीवर बल्ब आहे."

"भांडण झालं का काई आपलं?"

"भांडण कायचं? तुमचं मैनाबाईसंग कधी झालं? जिथं बरं पडते तिथं जा लागते. तुमचंच म्हणनं."

"किती दिवस?"

"पाहू," आत्या म्हणाली, आणि तिने पिशवीतून नारळ काढून पुढे केला.

तो तिने पुढे केला खांबापुढे. आतोबा खांबाच्या उजवीकडे, चांगले हातभर अंतरावर बसले होते. सकाळचं लख्ख ऊन ओट्यावर पडलं होतं. आत्या खांबाकडे पाहत नारळ धरून उभी होती, आणि खांब नारळ घेईना म्हणून तिने तो आणखी थोडा पुढे केला.

आतोबांनी वस्तरा खाली ठेवला. मग उठले, आवाज न करता खांबापाशी जाऊन उभे राहिले, आणि तिथून त्यांनी नारळ घेतला.

"फोडा," आत्या म्हणाली.

त्यांनी नारळ कानाशी धरून हलवून पाहिला. "फोडणार नाई मी."

"रीत आहे."

"रीत माही आहे. म्याच काढली." आत जाऊन त्यांनी नारळ स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात ठेवला, उरलेली अर्धी दाढी तशीच ठेवून टोपी घातली, छत्री घेतली आणि मेहकरच्या मोटारीसाठी फाट्याकडे निघाले. रविवारी कचेरी बंद असते हे त्यांना मी सांगितलं नाही. त्यांना ते माहीत असणार. ते वायरमनच्या घरी गेले होते, आणि तो पुढे मला म्हणाला की म्हाताऱ्याने त्या दिवशी भाव विचारला नाही.

आत्या नागपूरला गेली नाही. नारळ फुटला नव्हता, त्यामुळे तिला जाता येत नव्हतं, असं ती म्हणे.

कागद हलायला वेळ लागला, पण बल्ब लागला. एकच, चुलीच्या वर. पहिल्या संध्याकाळी आत्या त्याच्याखाली उभी राहून आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहत होती. "कित्ती डाग पडले वं हातावर," ती जरा नवलाने म्हणाली. आतोबा दारातून पाहत होते. ते आत आले नाहीत.

दोनचार दिवसांत मात्र ते सावरले, कारण त्यांना बटणाचा शोध लागला. ज्याला सोडता येत नाही असं त्यांना वाटत होतं, त्याला इथे बोटाने सोडता येत होतं, आणि नारळही लागत नव्हता. जेवणं झाली की ते स्वतः बटण बंद करून म्हणत, "सोडलं." दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला, "धरलं." हा आनंद त्यांना इतका झाला की आत्या हंड्यातून तांब्याभर पाणी आणायला वळली तरी तेवढ्यात ते सोडून टाकत, आणि ती अंधारात उभी राहून म्हणे, "अजी, धरा. हाओ मी अजून." मीसुद्धा त्या घरात बटण बंद केल्याशिवाय खोलीबाहेर पडायचं नाही ही शिस्त शिकले, ती अजून माझ्या हातात आहे.

मग माझी बदली झाली, पुढे लग्न झालं, आणि डोणगावला जाणं राहूनच गेलं. आत्याचा मोतीबिंदू पिकला, ऑपरेशनही झालं, पण पाहिजे तसं लागू पडलं नाही, एवढं वडिलांच्या पत्रांतून कळत होतं. काही वर्षांनी गेले तेव्हा भर दुपार होती. ओट्यावर छत्री टेकवलेली दिसली. आतोबा आत होते आणि स्वतः चहा करत होते. चुलीत जब्बारभाईंचं लाकूड होतं. मैनाबाई वारल्यापासून जळण बदललं नव्हतं, असं ते म्हणाले. आता सोडलं तर परत कुणाकडे यायचं. आत्या भिंतीला टेकून सुपात तांदूळ निवडत होती, बोटांनी. माझा आवाज ऐकून तिने मान वळवली ती अगदी माझ्याकडे, जराही चूक न करता. कोनाड्यात नारळ होता, पार काळा पडलेला.

आणि चुलीवरचा बल्ब लागलेला होता. काचेच्या कौलातून ऊन पडलं होतं, दारातून उजेड येत होता, आणि बल्ब आपला जळत होता. चहा घेऊन आम्ही ओट्यावर बसायला निघालो तेव्हा सवयीने माझा हात बटणाकडे गेला.

"राहू दे," आतोबा म्हणाले.

आत्या सुपावरची बोटं न थांबवता हसली. "मले आता बाकी काई दिसत नाई, बाई. वर तांबडं तांबडं तेवढं समजते. ते असलं की वाटते, मी घरात हाओ."

"तिच्यासाठी नाई," आतोबा घाईने मला म्हणाले, आणि वर बल्बकडे पाहू लागले. "स्वस्त पडते. वायरमनले विचारलं म्या. घडी घडी सोड-धर केली की आतली तार तुटते."

मी हात काढून घेतला.